मला दिसलेली आडवी रेघ

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि माझी सगळी किंमत त्या ‘जुना’ या शब्दातच होती. हे मला फार उशिरा कळलं. तोवर एका मुलीचं कधीच भरून न येणारं नुकसान होऊन गेलं होतं आणि त्यात माझा हात होता.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका माडीवर सुटे भाग जोडून मला उभं केलं गेलं. पडदा एकाचा, कळफलक दुसऱ्याचा, आतला मेंदू तिसऱ्याचाच. बारशाला कोणी नव्हतं. टॅक्सीच्या डिकीत घालून मला थेट अंधेरी पूर्वेला एमआयडीसीतल्या एका ऑफिसात आणलं. जुन्या चाळी आणि बैठी घरं पाडून त्यांच्या जागी नव्या इमारती उभ्या करायच्या, तर आधी बरीच जुळवाजुळव करावी लागते. कोणती खोली कधी रिकामी होणार, कोणती आधी पाडायची, तोपर्यंत माणसांनी राहायचं कुठे, हे सगळं ठरवून ज्याला त्याला ईमेलने कळवायचं, हे आमच्या ऑफिसचं काम.

पहिली सात-आठ वर्षं मी मन लावून काम केलं. माझ्यावर पत्रं टाइप झाली, नकाशे उघडले गेले आणि जेवणाच्या सुट्टीत पत्त्यांचे डावही रंगले. मग एके दिवशी पातळ पडद्याचे, चकचकीत नवे संगणक आले. मला उचलून बाहेरच्या बाकाजवळ ठेवलं. भंगारवाला शुक्रवारी येणार होता. गुरुवारी दत्ताराम घाडी माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले की याला राहू द्या, याचं काम आहे.

दत्ताराम म्हणजे आमच्या ऑफिसातल्या सगळ्या संगणकांचे वैद्य. मूळचे कणकवलीकडचे, राहायला भांडुपला. संगणकाचं शिक्षण त्यांनी रीतसर घेतलं नव्हतं. बिघडलेलं उघडायचं, आत बघायचं, पुन्हा जोडायचं, असं करत ते शिकले होते. त्या दिवसांत त्यांच्या डोक्याला एक नवाच ताप झाला होता, आणि त्यासाठीच त्यांना मी हवा होतो.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल की ईमेल इथून जसं निघतं तसंच तिथे पोचतं. तसं नसतं बरं का. आपण अक्षर ठळक करतो, रंग देतो, तक्ता काढतो. पण समोरच्याच्या ऑफिसातली ईमेलची व्यवस्था वेगळी असली की ती हा सगळा साज आपल्या मर्जीने ठेवते, बदलते, नाहीतर काढून टाकते. आमच्याकडून चार रकान्यांचा सुबक तक्ता जायचा आणि तिकडे आधी सगळी नावं, मग सगळे खोली नंबर, मग सगळ्या तारखा, अशी लांबलचक ओळ लागायची. एका सोसायटीचे सेक्रेटरी जुन्या मराठी फाँटमध्ये पत्र लिहायचे. ते आमच्याकडे उघडलं की इंग्रजी अक्षरांची आणि कंसांची खिचडी दिसायची. कधी पत्राच्या जागी नुसतीच एक जोडलेली फाइल यायची. ती कोणाला उघडता यायची नाही आणि फेकून द्यायचा धीरही व्हायचा नाही.

सगळ्यात गंमत झाली ती मुलुंडला. आमच्या खोल्या पाडण्याचं काम मुलुंडचे एक ठेकेदार करत. भीमराज त्यांचं नाव. आमच्या ऑफिसातली श्रुतिका त्यांना याद्या पाठवायची. श्रुतिका हसऱ्या स्वभावाची, त्यामुळे प्रत्येक पत्राच्या शेवटी ती एक हसरा चेहरा काढायची. मुलुंडच्या व्यवस्थेला तो चेहरा काही कळायचा नाही. त्याच्या जागी तिथे इंग्रजी ‘जे’ हे अक्षर उमटायचं. भीमराजांच्या माणसांनी समजूत करून घेतली की अंधेरीच्या ऑफिसात कोणी मोठे जे साहेब आहेत आणि प्रत्येक पत्र त्यांच्या नजरेखालून जातं. एकदा श्रुतिकाचं डोकं दुखत होतं, तिने चेहरा काढला नाही, तर मुलुंडचं काम दोन दिवस अडून राहिलं. चौकशी केली तेव्हा उत्तर आलं की जे साहेबांची मंजुरी आली नाही. ऑफिस पोट धरधरून हसलं. दत्ताराम मात्र हसले नाहीत. ते दुसऱ्याच दिवशी मुलुंडला जाऊन सगळं बघून आले.

भीमराजांच्या मालकीचं ते ऑफिस लहान होतं आणि त्यांना व्हायरसची भारी धास्ती होती. पूर्वी एकदा त्यांचे सगळे कागद व्हायरसने खाल्ले होते. तेव्हापासून त्यांनी अशी व्यवस्था बसवून घेतली होती की येणाऱ्या प्रत्येक ईमेलचा रंग, ठळकपणा, तक्ता, रेघोट्या सगळं बाहेर काढून टाकायचं आणि फक्त साधी काळी अक्षरं आत घ्यायची. दत्तारामांनी परत आल्यावर माझ्यात हुबेहूब तीच व्यवस्था घातली. मला मुद्दाम जुनं आणि अर्धं आंधळं ठेवलं. मग त्यांनी ऑफिसात नियम केला की बाहेर जाणारी प्रत्येक यादी आधी माझ्याकडे पाठवायची, माझ्यावर उघडून बघायची आणि मगच ज्याची त्याला पाठवायची.

ती पहिली यादी आली तेव्हा ते चहाचा ग्लास घेऊन माझ्यापुढे बसले. आजूबाजूला कोणी नसलं की ते माझ्याशी मालवणीत बोलायचे.

“तुका जसा दिसला, तसाच त्यांका दिसतला,” ते म्हणाले. “तेव्हा खोटा दाखव नको.”

मी कधी खोटं दाखवलं नाही. नंतर दाखवलं ते खोटं होतं का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता आमच्या ऑफिसची एक पद्धत तुम्हाला सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. दत्तारामांचे वडील गिरणीत हजेरी लिहायचे. त्यांचा एक दंडक होता. कामगार सोडून गेला, बदलून गेला, तरी हजेरीच्या वहीतून त्याचं नाव कधी पुसायचं नाही. नावावरून एक आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं नाव वाचता आलं पाहिजे. जितंजागतं माणूस असताना त्याचं नाव पुसणं म्हणजे त्याचं वाईट चिंतणं, असं ते म्हणायचे. दत्तारामांनी तीच रीत ऑफिसच्या याद्यांमध्ये आणली. चाळीतल्या सगळ्या खोल्यांची नावं यादीत कायम राहायची. जी खोली इतक्यात पाडायची नाही तिच्यावरून आडवी रेघ मारायची. ऑफिसात सगळ्यांना ही रीत आवडली. नवीन येणारा प्रत्येक जण ती शिकायचा आणि कोणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

पण ही रेघ मुलुंडला पोचायची नाही. रंगांबरोबर तीही गळून पडायची. माझ्या पडद्यावरही ती दिसायची नाही. मी बिनरेघेची यादी दाखवली की दत्ताराम मान डोलवायचे आणि मूळ यादी बघून रेघेच्या प्रत्येक खोलीपुढे साध्या अक्षरांत ‘पाडू नये’ असे दोन शब्द स्वतः टाइप करायचे. हे काम त्यांनी इतकी वर्षं इतक्या गुपचूप केलं की श्रुतिकालाही त्याचा पत्ता नव्हता. तिला एवढंच ठाऊक होतं की यादी दत्तारामकाकांकडून तपासून पुढे जाते.

माझे ते दिवस चांगले गेले. “म्हाताऱ्याला दाखवलंस का?” असं एकमेकांना विचारल्याशिवाय ऑफिसातून महत्त्वाचं पत्र बाहेर पडायचं नाही. दसऱ्याला सगळ्या संगणकांना हळदकुंकू लागायचं, पण झेंडूचा सगळ्यात जाड हार माझ्या गळ्यात असायचा. एवढं असूनही मी मनातून कुढत होतो. शेजारच्या टेबलावरच्या पडद्यांवर लाल, हिरव्या, निळ्या याद्या झळकायच्या. माझ्या वाट्याला मात्र काळी अक्षरं आणि पांढरी पाटी. एकदा तरी आपल्यालाही पूर्वीसारखं सगळं दिसावं, असं मला फार वाटायचं. माझ्या न दिसण्यालाच लोक मान देत होते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

मग दत्ताराम निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी समोसे आले, शाल-श्रीफळ झालं. जाताना त्यांनी माझ्या पडद्याच्या वरच्या कडेला एक कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘यादी आधी इथे पाठवा.’ मला वाटतं, त्यांना आणखीही काही लिहायचं होतं. पण खाली गाडी थांबली होती आणि दोघं-तिघं त्यांचे हार हातात घेऊन दारात उभे होते.

त्यांच्या जागी हर्षद आला. बोरिवलीचा, तिशीचा, कामाला वाघ. मित्रांनो, या गोष्टीत तुम्ही खलनायक शोधत असाल तर तो हर्षद नाही. पहिल्या आठवड्यात तो माझ्याजवळ आला, तो कागद वाचला आणि मला चालू केलं. मला जागं व्हायला सहा मिनिटं लागायची. त्याने श्रुतिकाला विचारलं की रोज इतका वेळ वाट बघत बसता का. ती म्हणाली, हो, पण नियम आहे. त्याला माझी आणि तिची, दोघांची दया आली. शनिवारी तो सुट्टी सोडून आला. त्याने माझ्या पोटातली धूळ फुंकून काढली, नवी मेमरी बसवली, जुनी व्यवस्था पुसून नवी कोरी घातली आणि नवा ईमेलही बसवला. दत्तारामांचा कागद मात्र त्याने आदराने तिथेच राहू दिला.

सोमवारी मी डोळे उघडले आणि मला रंग दिसले. काय सांगू तुम्हाला, लाल म्हणजे लाल आणि निळा म्हणजे निळा. तक्त्याचे रकाने ओळीने उभे होते. श्रुतिकाचा हसरा चेहरा मला आयुष्यात पहिल्यांदाच चेहरा म्हणून दिसला. ती कौतुकाने म्हणाली की म्हातारा एकदम झकास दिसतोय. मी त्या दिवशी हवेत होतो. मी नवा झालो याचाच मला आनंद होता आणि आपण आता मुलुंडच्या डोळ्यांनी बघत नाही, हा विचार मला शिवलाही नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांनी जान्हवी आमच्या ऑफिसात आली. बाहेरून येणाऱ्यांचा बाक माझ्या शेजारीच आहे, म्हणून तिचं सगळं बोलणं मी ऐकलं. जान्हवी बोरिवलीला एका दवाखान्यात एक्स-रे काढायचं काम करायची. घाटकोपरच्या एका बैठ्या चाळीत कोपऱ्याची अकरा नंबरची खोली तिची होती. वडील धोंडिराम गेल्या वर्षी वारले होते, आई ती लहान असतानाच गेली होती. चाळ पाडायला निघाली होती. सामान हलवून ती भाड्याच्या घरी राहायला गेली होती. तिला सामानाचं काही नव्हतं. तिला एका भिंतीसाठी चार दिवस हवे होते.

धोंडिराम गोरेगावच्या स्टुडिओत पडदे रंगवायचे. सिनेमात मागे जे डोंगर, महाल, समुद्र दिसतात, ते रंगवणारे. जन्मभर त्यांनी असे शेकडो देखावे रंगवले. शूटिंग संपलं की दुसऱ्या दिवशी त्यावर पांढरा रंग फिरायचा आणि त्याच कापडावर नवं काहीतरी काढायचं. त्यामुळे त्यांच्या हातचं काही म्हणजे काही शिल्लक नव्हतं. फक्त घरातल्या एका भिंतीवर त्यांनी खाडी रंगवली होती. तिवरं, भरतीचं पाणी, पाण्यात एक होडी आणि होडीत पाठमोऱ्या बसलेल्या दोघी, जान्हवीची आई आणि पाच वर्षांची जान्हवी. आई गेल्यावर ते दर दिवाळीला घराला रंग द्यायचे तेव्हा तीन भिंती रंगवायचे आणि चौथ्या भिंतीवरच्या छोट्या जान्हवीची वेणी बोटभर वाढवायचे. ती मोठी झाली, नोकरीला लागली, तरी त्यांनी हे सोडलं नाही. शेवटच्या दिवाळीला त्यांचा हात थरथरत होता, म्हणून वेणीचं टोक थोडं वाकडं आलं होतं.

“मोबाइलमध्ये फोटो आहेत,” ती श्रुतिकाला म्हणाली. “पण फोटोत बाबांचा हात नाही दिसत ना. भिंतीला हात लावला की रंगाचे थर लागतात बोटाला. पंचवीस दिवाळ्यांचे.”

धोंडिरामांबरोबर काम केलेले महादू नावाचे एक रंगारी होते. भिंतीवर सरस लावून, त्यावर कापड चिकटवून, वाळल्यावर रंगाचा थर कापडासकट अलगद सोलून घ्यायची कला त्यांना येत होती. पण त्यांचं शूटिंग शुक्रवारपर्यंत चालणार होतं. ते शनिवारी सकाळी येणार होते, आणि चाळ बुधवारी पाडायची ठरली होती. जान्हवीला एवढंच हवं होतं की शनिवारपर्यंत अकरा नंबरला कोणी हात लावू नये. फोटो बघून श्रुतिकाचे डोळे भरून आले. खोली कोपऱ्याची होती, बाकीच्या पाडून ती तेवढी चार दिवस उभी राहू शकत होती. श्रुतिकाने साहेबांना विचारलं, साहेब हो म्हणाले. तिने जान्हवीला शब्द दिला की तुम्ही निर्धास्त जा, अकरा नंबर शनिवारपर्यंत उभी राहील. जान्हवीने जाताना तिचा हात घट्ट दाबला.

मंगळवारी श्रुतिकाने यादी केली. सव्वीस खोल्या, त्यातल्या अकरा नंबरवरून एक आडवी रेघ. मग नियमाप्रमाणे तिने ती आधी माझ्याकडे पाठवली आणि स्वतः येऊन माझ्यापुढे बसली. मी यादी उघडली.

मित्रांनो, इतक्या वर्षांत ती रेघ मी पहिल्यांदाच बघत होतो. मी नवा झाल्यापासून रेघ लागेल अशी यादीच आली नव्हती. सरळ, काळी, अकरा नंबरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ज्या रेघेबद्दल एवढं ऐकलं होतं ती अशी असते तर, असं मला वाटलं आणि आनंद झाला. मनात कुठेतरी खटकलंही. ही आपल्याला दिसायची नाही, मग आज कशी दिसली? पण मी तो विचार धरून ठेवला नाही. आणि धरला असता तरी मी बोललो कसा असतो? पण बोलता येत नव्हतं हे माझं खरं कारण नव्हे. मला दिसत होतं, म्हणून मी खूश होतो, हे खरं कारण.

“दिसतेय व्यवस्थित,” श्रुतिका म्हणाली आणि तिने यादी मुलुंडला पाठवून दिली.

बुधवारी अकराच्या सुमाराला तिला फोन आला. हर्षदने काय झालं म्हणून विचारलं, तर ती हळू आवाजात एवढंच म्हणाली, “वाट लागली रे. अकरा नंबर पाडली.”

गुरुवारी सगळे माझ्याजवळच्या बाकावर जमले. जान्हवी आली, भीमराजही मुलुंडहून आले. जान्हवी रडत नव्हती. तिला ते पत्र बघायचं होतं. श्रुतिकाने माझ्यावर यादी उघडून दाखवली. रेघ होती, जिथे हवी तिथे होती. मग भीमराजांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्यांच्याकडे आलेल्या ईमेलची ती छापलेली प्रत होती. त्यावर सव्वीस खोल्या एकाखाली एक लिहिल्या होत्या आणि अकरा नंबर बाकीच्यांसारखाच स्वच्छ होता. हर्षदने दोन्ही नीट बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. आपण शनिवारी येऊन कोणतं काम करून बसलो, हे त्याला तिथल्या तिथे समजलं. त्याने ते लपवलं नाही, सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

भीमराज जाडजूड, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्या दिवशी त्यांचा आवाज खाली गेला होता.

“पोरांनी मला फोन केला होता ताई,” ते जान्हवीला म्हणाले. “छपराचे पत्रे काढल्यावर आत उजेड पडला, तेव्हा त्यांना चित्र दिसलं. थांबले ते. म्हणाले, शेठ, आत एवढं भारी चित्र आहे, काय करू? मी यादी बघितली. म्हटलं, नंबर आहे ना यादीत? मग पाडा.”

जान्हवीने भीमराजांचा कागद हातात घेतला, माझ्या पडद्याशेजारी धरला, दोन्ही पुन्हा वाचलं. मग ती म्हणाली, “म्हणजे ताईंनी रेघ मारली होती. यांनी आलेली यादी बघितली होती. ऑफिसने तर ती नियमाने तपासून पाठवली होती. मग मी रागवायचं कोणावर, तेवढं मला सांगा.”

श्रुतिका रडायला लागली. उत्तर मला माहीत होतं. तिने माझ्यावर रागवायला हवं होतं. मला एकच काम दिलं होतं, समोरच्याला जे दिसत नाही ते आपल्यालाही दिसू न देण्याचं, आणि तेवढंच मी विसरलो होतो.

संध्याकाळी हर्षदने दत्तारामांना फोन केला. ते रिक्षा करून भांडुपहून तडक आले. माझ्यापुढे बसले. रंगीत पडदा बघितला, आणि कोणी काही समजावून सांगायच्या आधीच त्यांना सगळं उमगलं. हर्षद माफी मागू लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवलं आणि ते ‘पाडू नये’ हे दोन शब्द इतकी वर्षं आपण कसे घालत आलो ते सांगितलं. श्रुतिका आ वासून ऐकत राहिली. थोड्या वेळाने दोघं चहा आणायला गेले. तेव्हा दत्तारामांनी पडद्यावरचा आपला कागद काढला आणि पुन्हा वाचला.

“हय पाठवा, इतक्याच लिवलंय,” ते मला म्हणाले. “कित्याक पाठवचा, तां लिवूकच नाय. तुझी काय चूक नाय रे.”

त्यांनी मला माफ केलं. पण माफी द्यायचा हक्क त्यांचा नव्हता, हे त्यांनाही ठाऊक असावं, कारण ते फार थकलेल्या पावलांनी जिना उतरून गेले.

शनिवारी महादू घाटकोपरला आले. जान्हवीने त्यांना कळवलं होतं की आता येऊ नका, तरी ते सरस आणि कापड घेऊन आले. श्रुतिकाही गेली होती. सोमवारी तिने हर्षदला सांगितलं ते मी ऐकलं. तिघांनी मिळून सकाळभर मातीचा ढिगारा उपसला. होडी सापडली नाही, आई सापडली नाही, वेणी तर नाहीच नाही. तळहाताएवढा प्लास्टरचा एक तुकडा हाती लागला. त्यावर निळा रंग होता. ते खाडीचं पाणी की वरचं आभाळ, हे जान्हवीलाही सांगता येईना. महादूंनी तो पुसून, कापडात गुंडाळून तिच्या हातात दिला. ते जाता जाता म्हणाले की धोंड्याचा निळा असाच असायचा, पाणी आणि आभाळ तो एकाच डब्यातून काढायचा.

त्याच आठवड्यात हर्षदने मला पुन्हा पूर्वीसारखं केलं. माझे रंग गेले, रेघा गेल्या. याचं मला जराही दुःख झालं नाही. पण महिन्याभरात भीमराजांनी मुलुंडची जुनी व्यवस्था मोडून नवी बसवली. अकरा नंबरनंतर त्यांना त्या काळ्या अक्षरांकडे बघवत नव्हतं म्हणे. आता तिकडेही सगळं दिसतं. त्यामुळे माझ्याकडे यादी पाठवायचं कोणाला कारणच उरलं नाही. गेला दसरा माझा हाराशिवाय गेला. आता माझ्या डोक्यावर लोक जेवणाचे डबे ठेवतात. पुढच्या शुक्रवारी भंगारवाला येणार आहे असं ऐकलंय, आणि या वेळी मला ठेवून घ्यायला कोणी यावं, असं मला वाटतही नाही.

जाण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला नवी करण्याआधी ती कोणाच्या उपयोगाची आहे ते विचारा. नियम करून ठेवाल तर त्याशेजारी तो कशासाठी केला तेही लिहा, समोसे थंड झाले तरी चालतील. आणि कोणाला काही महत्त्वाचं कळवाल तेव्हा आपल्या पडद्यावर ते किती छान दिसतंय हे बघून थांबू नका. फोन उचला आणि समोरच्याला विचारा, ‘तुम्हाला काय दिसलं, जरा वाचून दाखवता का?’ भीमराजांनी वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्या मंगळवारी कोणी तेवढं विचारलं असतं, तर या दिवाळीला जान्हवीने स्वतःच्या हाताने ती वेणी बोटभर वाढवली असती.